वायरवाले काका आणि त्यांचे डबे

"नेट गेलं" असं कोणी म्हटलं की काका चिडायचे. "कुठी गेलं? म्हैस हाय का थे, दावं तोडून जायाले?" असं विचारायचे आणि समोरचा सचिव असो की पहिल्या वर्षाचं पोरगं, उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. उत्तर कोणाला यायचं नाही. मग स्वतःच सांगायचे, "बाहेरचं बंद हाय. घरातलं चालू हाय. दोन येगयेगळ्या गोष्टी हायेत." बाहेरून येणारं नेट वेगळं आणि इमारतीतल्या वायरींची जोडणी वेगळी, हा फरक आमच्या संस्थेत कोणाला कळला नाही. मला कळला होता, पण मला कोणी विचारत नव्हतं.

आमच्या मालेगावात, यंत्रमागांच्या मोठ्या मालेगावात नव्हे, स्टँडपासून चालत गेलं की आमची संस्था लागते. खाली कार्यालय, वर कॉम्प्युटरचा मोठा हॉल. बाहेरच्या नोकरभरतीच्या परीक्षाही त्या हॉलमध्ये होतात. मी तिथं झाडझूड करते आणि चहा देते. सगळे मला मावशी म्हणतात, काका तेवढे बाई म्हणायचे. ते संस्थेचे नोकर नव्हते, ठेक्यावर होते. वायरी टाकायच्या, कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, बिघडलं की नीट करायचं. आठवड्यातून तीन दिवस रिठदहून मोटारसायकलवर यायचे. खांद्यावर निळ्या वायरीचं भेंडोळं असायचं. लांबून वाटायचं, माणूस दोर घेऊन बैल आणायला निघालाय.

जिन्याखाली एक खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटात काकांचे डबे होते. चपटे, काळे, पुढून भोकंच भोकं. प्रत्येक भोकात एक वायर आणि भोकावर मुंगीएवढा हिरवा दिवा. लोक त्याला स्वीच म्हणतात. माझ्या लेखी स्वीच म्हणजे पंख्याचं बटण, म्हणून मी डबाच म्हणायचे आणि काकांची त्याला हरकत नव्हती. इमारतीतला एकुलता एक चांगला एसी त्या खोलीत होता. सचिव साहेबांना तो स्वतःच्या केबिनमध्ये हवा होता. दर उन्हाळ्यात ते एसी काढायला माणूस पाठवायचे आणि दर उन्हाळ्यात काका दारात आडवे उभे राहायचे. "साहेबाले सांग, त्याइले नुसता घाम येते. डब्याचा जीव जाते." बाहेर डांबर वितळत असायचं आणि काका आत स्वेटर घालून बसलेले असायचे. स्वेटर त्यांच्या बायकोने विणलेला, तपकिरी, एक बाही जास्त लांब.

बसायचे कशावर, तर माझ्या बादलीवर. बादली पालथी घालायची, तिच्यावर बसायचं आणि डब्याच्या दिव्यांकडे बघत राहायचं. अर्धा अर्धा तास. माझी फरशी पुसायची राहून जायची. बादली मागायची मला लाज वाटायची, म्हणून मी पोछा हातात धरून दारात उभी राहायचे. काकांना वाटलं, ही बाई शिकायला उभी राहते. त्यांनी शिकवायला सुरुवात केली. मला नको म्हणायचीही लाज वाटली.

"पाय, तिसरा दिवा लुकलुकला. लेखनिक भाऊ बोलून राह्यला. आता पाय, अकरावा. थे छापाची मशीन हाय. म्हणजे भाऊनं काईतरी छापाले देल्लं." तेवढ्यात कार्यालयातून कागद छापल्याची घरघर ऐकू यायची. मला तो चमत्कारच वाटला. पोछ्यातलं पाणी माझ्या पायावर गळून गेलं तरी मी बघत उभी होते.

डबा काय करतो ते त्यांनी मला माझ्याच चहावरून सांगितलं. "तू पयल्या दिवशी आलती तवा तुले माहीत होतं का, बिनसाखरेचा चहा कोणाचा?"

मी मान हलवली.

"मंग तुनं काय केलं? प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन उभी राह्यली. ज्यानं हात पुढं केला त्याचा. अन् दुसऱ्या दिवशी?"

"सरळ त्याइच्याच टेबलावर," मी म्हटलं.

"तेच डबा करते! कोण कुठी बसते माहीत नसलं का सगळ्याइच्या दारात नेते. अन् कोणी तोंड उघडलं का ध्यानात ठेवते, हा या भोकातून बोलला. मंग त्याची चिठ्ठी आली का त्याच भोकात. दुसऱ्याले पत्ताबी लागत नाई."

"अन् जो बोलतच नाई?" हे मी विचारलं की नुसतं माझ्या मनात आलं, आठवत नाही. काकांनी उत्तर मात्र दिलं. "त्याचा ठिकाणा कसा लागन? बोलणारा पाच मिनिटं गप बसला तरी डबा त्याले पुसून टाकते. पुन्हा बोलला का पुन्हा लिहिते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तू जर कॉम्प्युटर असती ना, डब्यानं तुले कवाच पुसलं असतं."

हे डबे यायच्या आधी एक जुना डबा होता. तो काकांनी अडगळीत ठेवला होता आणि त्याला भोंगा म्हणायचे. आमच्या वस्तीत विहारावर भोंगा आहे. कोणाची बकरी सापडली की त्यावरून सांगतात. बकरी एकाची, पण हातातलं काम सोडून ऐकायचं सगळ्यांनी. "जुना डबा अस्साच होता," काका म्हणायचे. "एकाची गोष्ट अन् बारा जणाच्या कानात. त्यात दोघं संगंच बोलले का झाली खिचडी. दोघंबी थांबा अन् पुन्हा बोला." एवढं सांगून ते हळूच कार्यालयाकडे बोट करायचे. लेखनिक भाऊंना ते भोंगाच म्हणायचे, कारण भाऊंना सकाळी दहाला कळलेली गोष्ट सव्वादहाला पानठेल्यावर असायची. सचिव साहेबांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "दिवा लागेल हाय. पण आत काई जात नाई अन् बाहेर काई येत नाई."

संस्थेच्या मागे पूर्वी एक जुनी इमारत होती. तिथले कॉम्प्युटर आणि पुढचे कॉम्प्युटर यांच्या मधे काकांनी पूल बसवला होता. पूल म्हणजे पुन्हा डबाच, दोनच भोकांचा. तो कशाला, हे मी न विचारताच त्यांनी सांगितलं. "समज दोन भावाचे दोन घरं. मंधात एक दार. त्या दारात एक शाणी बाई बसवली. कोण कोण्या घरात राह्यते, तिले सगळं माहीत. पुढच्या घरातली गोष्ट पुढच्याच माणसासाठी असन, तं थे दाराबाहेर जाऊच देत नाई. पल्याडच्या माणसाची असन, तरच नेऊन देते. सगळ्याइची असन तं सगळ्याइले."

मला माझ्या दोन्ही जावा आठवल्या. मी म्हटलं, "अशी बाई असते का कुठी?"

"नसते, म्हणून तं डबा इकत घ्यावा लागते," काका म्हणाले. मग स्वतःच पुढे बोलले, "पुलात अन् डब्यात काई फरक नाई. पुलाले दोन दारं, डब्याले चोवीस. अक्कल तेवढीच."

वायरीच्या टोकाला पारदर्शक खुंटी बसवताना मात्र ते कोणाशी बोलायचे नाहीत. वायर सोलली की आत आठ बारीक तारा निघतात. त्या ठरलेल्या क्रमाने लावाव्या लागतात. काका डोळे मिटून म्हणायचे, "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी." मधे कोणी आलं तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा साहेब तीन वेळा मधे बोलले आणि काकांनी तीन वेळा पहिल्यापासून म्हटलं. चौथ्यांदा साहेब हात जोडून बाहेर गेले. मला ते रंग अजून पाठ आहेत. भांडी घासताना कधी कधी तोंडात येतात.

डब्यांचा हा नाद ते घरीही न्यायचे. मुलीच्या लग्नात त्यांनी पत्रिकेवरचं 'सहकुटुंब सहपरिवार' खोडून टाकलं. ज्याच्याशी आपलं बोलणं आहे त्यालाच बोलावणं, असा त्यांचा नियम. वर्षभरात जे जे त्यांच्याशी बोलले, त्यांची नावं आठवून एकेकाची वेगळी पत्रिका लिहिली. एका घरात सुनेला पत्रिका आणि सासऱ्याला नाही. माझ्या घरी माझ्या एकटीच्या नावाची आली. आमचे हे म्हणाले, "अन् मी कोण?" काकांची आणि ह्यांची बोलचाल नव्हती, एवढंच.

लग्नाच्या आदल्या दिवशी रिठदमध्ये निम्मं गाव रुसून बसलं. तेव्हा काकूंनी सरळ विहारात जाऊन भोंगा हातात घेतला आणि अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर मांडवामागे भाताचं तिसरं मोठं पातेलं चुलीवर चढत होतं आणि नवराबायको भांडत होते.

"तुनं सत्यानाश केला! सगळ्याइले एकच हाक! याले काई पद्धत?"

"मंग पोरीचं लगन जिन्याखाली लावाचं होतं," काकू म्हणाल्या, "तुमच्या डब्याइसमोर. थे पाच मिनिटांत तुमाले इसरले तरी चाललं असतं."

काका मांडवात लाऊडस्पीकरवाल्याशेजारी जाऊन बसले आणि जेवणं होईपर्यंत त्याच्या वायरी नीट करत राहिले.

आता जे सांगायचं आहे ते मी बरेच दिवस टाळलं.

एका रविवारी हॉलमध्ये भरतीची परीक्षा होती. शनिवारी दुपारी कार्यालय सुटलं आणि मी जिन्याखालची खोली झाडायला घेतली. काका आदल्या दिवशी त्याच खोलीत यायच्या नव्या कॉम्प्युटरसाठी एक वायर जोडून गेले होते. तिचं एक टोक डब्यात होतं आणि दुसरं खाली लोंबत होतं. कॉम्प्युटर यायचा होता, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, माझ्याच झाडूने ते टोक निसटलं. कोणाला विचारावं, तर खोलीत कोणी नव्हतं. खरं म्हणजे असतं तरी मी विचारलं नसतं. मी टोक पदराने पुसलं आणि डब्यात एक रिकामं भोक दिसलं त्यात लावलं. टक् वाजलं. दिवा लागला. दिवा लागला म्हणजे जोडलं गेलं, हे काकांनीच शिकवलेलं. वायर खाली पाण्यात लोळू नये म्हणून माझ्या जुन्या पोपटी लुगड्याची पट्टी फाडून तिला कपाटाच्या पायाशी बांधलं. वर बघितलं तर सगळे दिवे एकदमच लुकलुकायला लागले होते, जोरजोरात, एकाच तालात. मला वाटलं, डबा खूश झाला.

रविवारी सकाळी व्हरांडा पोरापोरींनी भरला होता. धनजहून पहिल्या गाडीने आलेली एक पोरगी पायरीवर बसून प्रवेशपत्राची घडी घालत होती आणि उघडत होती. हॉलमध्ये मात्र एकही कॉम्प्युटर पुढे सरकेना. साहेब जिन्यावरून ओरडत आले, "काका, नेट गेलं!"

काकांनी म्हशीचं विचारलं नाही. ते पळतच खोलीत गेले. दिव्यांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "घोळ फिरून राह्यला." मग एक एक वायर उपटायला लागले. पहिली काढली, काही नाही. दुसरी, तिसरी, दहावी. मी पोछा धरून दारात उभी होते. मग पुढची उपटली आणि दिवे शांत झाले. एखाददुसरा लुकलुकायचा, नेहमीसारखा. काकांनी त्या वायरीवरून हात फिरवत खाली नेला. दोन्ही टोकं एकाच वायरीची, दोन्ही त्याच डब्यात. मग त्यांचा हात पोपटी पट्टीला लागला. पट्टी त्यांनी सावकाश सोडली, घडी केली आणि स्वेटरच्या आत, सदऱ्याच्या खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"पाणी आण बाई," एवढंच म्हणाले.

परीक्षा एक तास उशिरा सुरू झाली. उशिरा का होईना, झाली. पण वरून विचारणा आली, साहेबांची मान खाली गेली, आणि मान खाली गेलेला साहेब कोणाची तरी मान धरणार हे ठरलेलंच होतं. बुधवारी सकाळी मी चहा टाकत होते. लेखनिक भाऊ दारात येऊन म्हणाले, "मावशी, कोणाले सांगू नको. काकाचं काम गेलं. दुपारी मीटिंग हाय. साहेबाचा भाचा येऊन राह्यला त्याइच्या जागी."

"काकाचं काय चुकलं?"

"त्याइनंच लिहून देल्लं ना! वायर माह्या हातून चुकून लागली म्हणून."

चहा उतू गेला.

काकांकडे दुसरं काम उरलेलं नव्हतं. दुकानदार आता वायरी टाकत नाहीत, हवेतलं नेट घेतात. आमच्या संस्थेचे डबे गेले की काका रिठदला ओट्यावर बसणार आणि काकू त्यांना भाजी निवडायला लावणार. हे सगळं माझ्या त्या एका 'टक्'मुळे. मी बोलले तर फार तर माझं काम जाईल. झाडायला दुसरी जागा मिळते. पण त्या केबिनमध्ये मी आजवर 'चहा' याच्या पलीकडे एक शब्द बोलले नव्हते, आणि तोही कधी कधी बोलत नव्हते, नुसता ठेवायचे.

दुपारी ट्रे घेऊन आत गेले. साहेब, संस्थेच्या कमिटीतले एक निवृत्त गुरुजी, फाईल घेऊन बसलेले भाऊ, आणि समोर उभे काका, अंगात स्वेटर. कप ठेवले. हळूच म्हटलं, "साहेब, वायर मी लावली."

"हो, हो, ठेव अन् जाय," साहेब म्हणाले. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. या वेळी इतक्या जोरात निघालं की माझी मीच दचकले. "वायर मी लावली! शनिवारी, झाडताना!"

साहेब हसायला लागले. "मावशी, काकाले वाचवाले आली का? चौथी शिकेल बाई तू. तुले काय समजते वायरीतलं?"

"खोटं बोलून राह्यली थे," काका तडक म्हणाले. "तिचं आयकू नका. मी लिहून देल्लं ना?"

चौथीचं मला एवढं लागलं नाही. काकांनी खोटारडी म्हटलं ते लागलं. मी ट्रे काखेत धरला.

"साहेब, समजा मी डबा हाय."

भाऊंनी हसू दाबलं.

"तुमी मले म्हटलं, सगळ्याइले सांग. मंग मी दाराबाहेर सांगाले जातो." साहेबांच्या केबिनला दोन दारं आहेत, एक व्हरांड्यात उघडतं, एक कार्यालयात, आणि बाहेरून वळसा घालून एकातून दुसऱ्यात येता येतं. मी व्हरांड्याच्या दाराने बाहेर पडले, "चहा झाला! चहा झाला!" असं ओरडत कार्यालयातून वळसा घातला आणि दुसऱ्या दाराने आत आले. "आता या दारातून आवाज आला. डब्याले वाटते, हा कोणी नवीनच बोलला. थो पुन्हा सांगाले जाते." मी पुन्हा निघाले. "चहा झाला! चहा झाला!" आत आले, पुन्हा निघाले. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

तिसऱ्या फेरीला केबिनच्या दारात माणसंच माणसं. ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले दोघं, गेटवरचा चौकीदार, सगळे हातात रिकामे कप घेऊन.

"तुमी कायले आले?" साहेब ओरडले.

"चहा झाला म्हणे," चौकीदार म्हणाला.

"हे असं झालं साहेब रविवारी," मी दम खात म्हटलं. "डबा सांगतच राह्यला. दारं भरून गेले. खऱ्या कामाले वाटच नाई राह्यली."

गुरुजी पुढे सरकून बसले. "अन् हे थांबन कवा?"

"कोणी एक दार लावलं का."

"अर्धंच सांगतलं तुनं!" काका एकदम बोलले. त्यांना राहवलंच नाही. "एकाच दारातनं जाते का थे? दोन्ही दारातनं संगंच जाते. एक इकून तिकडे फिरते, एक तिकून इकडे. अन् फेरी झाली का डबा गोंधळते, का हे बाई हाय तरी कोण्या दारात? तुले दहा डाव सांगतलं हे मी..."

गुरुजींनी चष्मा काढला. "काका, हे बाई खोटं बोलते म्हणत होते ना तुमी?"

काकांनी स्वेटरच्या आत हात घातला, पोपटी पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. तसाच पोपटी काठ माझ्या अंगावरच्या पोलक्यालाही होता, एकाच लुगड्यातला. साहेबांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. भाऊंनी पेन खाली ठेवलं. ती पट्टी काकांच्या खिशात होती ही गोष्ट संध्याकाळच्या आत स्टँडपर्यंत पोचली, डब्याशिवाय, वायरीशिवाय. आमच्या ह्यांनी मला त्यावरून दोन दिवस चिडवलं.

"म्हणजे झाडणाऱ्या बाईनं एक वायर लावली का अख्खी संस्था बंद?" साहेब म्हणाले. "मंग तुमाले ठेवून फायदा काय?"

"म्हणूनच तीनदा अर्ज देल्ला," काका म्हणाले. "सस्ता डबा नका घेऊ म्हटलं. चांगला डबा असा घोळ दिसला का एक दार सोताहून लावून घेते. कोणाची वायर काढाले जा लागत नाई."

गुरुजींनी भाऊंकडे हात केला. भाऊंनी फाईल उघडून तिन्ही अर्ज समोर ठेवले. तिन्हींवर साहेबांच्या अक्षरात 'सध्या गरज नाही' असं लिहिलेलं होतं. गुरुजींनी तिन्ही मोठ्याने वाचले, शाळेत हजेरी घ्यावी तसे. भाच्याचा विषय पुन्हा निघाला नाही. माझंही काम राहिलं. फक्त खोलीच्या दारावर एक कागद लागला, सफाई कर्मचाऱ्यांनी वायरीस हात लावू नये. सफाई कर्मचारी मी एकटीच. कागद चिकटवायलाही मलाच सांगितलं.

त्यानंतर आठ दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. बादलीवर बसायचे, पण पाठ करून. नवव्या दिवशी चहा ठेवला तेव्हा म्हणाले, "जिंदगीत एकच डाव खोटं बोललो. थेबी तुनं टिकू नाई देल्लं."

"तुमीच मधात बोलले," मी म्हटलं.

"तू चुकीचं सांगून राह्यली होती!"

महिन्याभराने नवा डबा आला. काकांनी तो बसवायला अख्खा दिवस घेतला. आता ते येत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिवे नीट दिसेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच काम सोडलं. पण त्या दिवशी सगळं जोडून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि एक वायर हातात दिली. एक टोक डब्यात होतंच.

"लाव."

मी हात मागे घेतला. "दारावर कागद हाय."

"डब्याले काय वाचता येते? लाव म्हटलं ना."

मी डोळे मिटले आणि लावली. टक्. डोळे उघडले. दिवे जसे होते तसेच होते, कोणी लुकलुकत होता, कोणी शांत. माझ्या भोकावरचा एकच दिवा नारिंगी झाला होता आणि तसाच राहिला होता. काकांनी दोन्ही हात मांडीवर मारले. "लावलं पाय दार! लावलं त्यानं सोताहून!" मग एकदम संशय आला त्यांना. "नुसते दिवे पाहून नाई चालत. जाय, एकेकाले इचारून ये."

"मी?"

"मंग का डबा जाईन?"

मी एकेका टेबलापाशी गेले. भाऊंना विचारलं, नेट चालू हाय का? चालू होतं. ग्रंथपालांचं चालू होतं. प्रयोगशाळेत दोघांचंही चालू होतं. प्रत्येक जण मान वर करून बघायचा, कारण मी ट्रेशिवाय आले होते. शेवटी केबिनचं दार राहिलं. मी ढकललं.

"साहेब, नेट चालू हाय का?"

"हाय की," साहेब पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "काहून?"

"काई नाई," मी म्हटलं. "मी आताच वायर लावली."

साहेब खुर्चीतून उठलेच.